पाळीवरून गाडी मागे घेताना

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

मागच्या रविवारी फोनवर तुमच्यातली मोठी म्हणाली की तिनं शाळेत पोहण्याच्या वर्गाला नाव दिलं होतं, पण पाण्याच्या काठापर्यंत जाऊन ती परत आली आणि आईला पोट दुखत असल्याचं सांगितलं. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "आजी, तुला नाही कळणार. तू कशालाच घाबरत नाहीस." मग तुमच्या बाबांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली, आजीनं तलावाच्या पाळीवरून गाडी मागे कशी घेतली ती. तुमच्या घरात ती बरेचदा सांगितली जाते. दर वेळी पाळ थोडी लांब होते आणि तलाव थोडा खोल.

त्या गोष्टीत फक्त शुक्रवार असतो. त्याआधीचा मंगळवार नसतो, कारण मंगळवारचं मी तुमच्या बाबांना कधी सांगितलं नाही. ते फक्त आजोबांना ठाऊक होतं आणि आता ते नाहीत. म्हणून आता लिहिते आहे. मराठीतच लिहिते, तुम्हाला वाचायला वेळ लागला तरी चालेल. सदतीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत लिहायला बसले की माझी वाक्यं फार नीटनेटकी होतात आणि त्यांत मीही असते त्याहून बरी दिसते.

क्रमानं सांगते.

आजोबांच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना डायलिसिससाठी भंडाऱ्याला न्यावं लागू लागलं. रक्त साफ करणाऱ्या यंत्राला चार तास जोडून ठेवतात. ते चुकलं तर शरीरात पाणी साठतं, पाय सुजतात, मग श्वास लागतो. गाडी आमच्याकडे होती, पण ती नेहमी आजोबाच चालवत. आता त्यांच्या पायांना पेडलचा अंदाज येईना. शेजारचे एक गृहस्थ रोजावर गाडी चालवायला येत, त्यांना उन्हाळ्यात नागपूरला काम लागलं. नंतर कोणी मिळे, कोणी ऐन वेळी नाही म्हणे. तुमच्या बाबांनी फोन करून सांगितलं की घर बंद करा, नागपुरात फ्लॅट घेऊ, दवाखान्याच्या बाजूला. बोलणं बरोबर होतं. आजोबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सगळं आयुष्य पाण्याकाठी काढलेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात देऊन ते बाहेर जाऊन बसले.

तेव्हा मी चौसष्ट वर्षांची होते. पवनीच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि तीन आठवड्यांत शिकले. शिकवणाऱ्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता, त्यामुळे खरं तर गाडी आम्ही दोघं मिळून चालवत होतो. परीक्षेत गाडी मागे घेऊन दाखवली ती सपाट मैदानावर, दोन खुणांच्या मधून. तिथं कितीही चुकलं तरी चारही बाजूंनी जमीनच होती. लायसन्स आलं. गावात कौतुक झालं. शाळेतल्या जुन्या सहकारी बाई घरी येऊन पेढा देऊन गेल्या.

आता आमच्या रस्त्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुम्ही गेल्या वेळी आलात तेव्हा लहान होता. गावाचा जुना रस्ता गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेला. आता डांबरी सडकेला लागायचं तर तलावाच्या पाळीवरूनच, म्हणजे मातीच्या बांधावरूनच, जावं लागतं. गावातून निघताना डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि मध्ये एकाच गाडीपुरता मुरूम टाकलेला रस्ता. मोटरसायकल बाजूनं निघून जाते, पण चारचाकी समोर आली तर एकालाच मागे सरावं लागतं. बाजूला होण्याची जागा एकच आहे, तुडमाजवळ. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं दार. तिथं पाळ जरा रुंद आहे. तुडमाच्या पुढे पाळ वळते आणि त्या वळणापलीकडचं काही दिसत नाही.

मागे कोणी सरायचं याचा गावात एक रिवाज आहे. भरलेल्या गाडीला पाळ द्यायची. पूर्वी बैलगाड्या होत्या, आणि भरली गाडी घेऊन बैल मागे चालत नाहीत, म्हणून तो पडला असावा. आता ट्रॅक्टर आले तरी तो तसाच आहे. भरलेली म्हणजे धानानं, तणसानं म्हणजे पेंढ्यानं, लाकडानं भरलेली. माणसं कितीही बसली असली तरी ती गाडी रिकामीच धरतात. एकदा लग्नाच्या वऱ्हाडाची बस तुडमापर्यंत मागे गेली होती आणि नवरदेवासकट कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

म्हणजे आमची गाडी कायमच रिकामी. समोरून भरलेलं कोणी आलं तर मागे मीच सरायचं. आणि पाळीवर गाडी मागे घेणं माझ्याच्यानं होत नव्हतं. एकदा आजोबांना शेजारी बसवून, रस्ता मोकळा असताना, प्रयत्न केला. दहा हातही गेले नसेन. मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं तर रस्ता दिसेचना, नुसतं पाणी. माझा पाय क्लचवरून निसटला आणि गाडी बंद पडली. आजोबा म्हणाले, होईल हळूहळू. मीही म्हटलं, होईल. पुन्हा तो प्रयत्न मी केला नाही.

त्याऐवजी मी वेळापत्रक केलं. सात दिवस सकाळ-दुपार पाळीवर फिरायला गेले आणि कोणती गाडी केव्हा येते ते वहीत लिहून काढलं. दुधाची गाडी पावणेसातच्या आत निघून जाते. शाळेची बस साडेनऊ ते दहाच्या दरम्यान येते. मधे काही नाही. दुपारी परतायच्या वेळीही पाळ मोकळी असते. तुडमापासून वळणापर्यंतची पावलंही मोजली, एकशे साठ. आजोबांना यंत्राला लावायची वेळ अकराची होती आणि भंडाऱ्याला पोचायला पाऊण तास लागतो. मी सव्वासातला निघू लागले. शाळेच्या मैदानात गाडी गोल फिरवून आणायची, म्हणजे घरासमोर मागे घ्यायला नको. भंडाऱ्याला दवाखान्याच्या मैदानात अगदी टोकाला लावायची, म्हणजे निघताना सरळ पुढे जाता येतं. तीन महिने हे असं चाललं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणायच्या की मॅडमसारखं वेळेचं पक्कं कोणी नाही. मला ते ऐकून बरं वाटायचं. भीती गेली असंच मी धरून चालले होते, कारण ती समोर येतच नव्हती. पण त्यासाठी एक आजारी माणूस आठ ते अकरा, तीन तास, लाकडी बाकावर बसून असायचा. कधी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायचा. मी शेजारी बसून पेपर वाचायची. उशीर होण्यापेक्षा लवकर आलेलं बरं, असं मी त्यांना सांगे, आणि ते हो म्हणत.

नोव्हेंबर आला. त्या वर्षी पहिल्यांदाच धानखरेदी आमच्या गावच्या गोदामात सुरू झाली. आजूबाजूच्या चार-पाच गावांचे ट्रॅक्टर, मागे पोत्यांनी भरलेली ट्रॉली, पाळीवरून गावात येऊ लागले. त्यांना ना वेळ ना वार. नंबर लावायचा म्हणून माणसं उजाडायच्या आत निघत. माझ्या वहीत त्यांना जागाच नव्हती.

त्या मंगळवारी सव्वासातला आम्ही पाळीच्या तोंडाशी पोचलो तर एक ट्रॉली येत होती. ती गेली. मागोमाग दुसरी आली, मग तिसरी. मग रस्ता मोकळा दिसला, पण वळणापर्यंतच. पलीकडे कोणी आहे की नाही ते कळायला मार्ग नव्हता. जायचं म्हटलं असतं तर जाता आलं असतं. मी इंजिन चालू ठेवून बसून राहिले. तेवढ्यात चौथी ट्रॉली वळणावर दिसली आणि वाटलं, मी निघाले असते तर आता हिच्यासमोर असते. पंचवीस मिनिटं आम्ही तिथं होतो. शेवटी मी आजोबांना म्हटलं की इंजिनातून जळका वास येतोय, अशा गाडीनं पुढे जायला नको.

आजोबांनी आयुष्यभर तलावांची आणि कालव्यांची दारं उघडझाप करणारी यंत्रं सांभाळली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, आणि म्हणाले, "बरं."

मी गाडी शाळेच्या मैदानात वळवून घरी आणली. दवाखान्यात फोन करून गाडी बिघडल्याचं सांगितलं. त्यांनी शुक्रवारी नक्की या म्हणून बजावलं. संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला, त्यांनाही तेच सांगितलं. एकच खोटं दिवसात तीन वेळा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

बुधवारी आजोबांच्या पायांवर बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. गुरुवारी त्यांना आडवं होता येईना. उशा रचून ते बसून राहिले आणि दर दोन-तीन शब्दांनंतर थांबू लागले. ॲम्ब्युलन्स बोलावू का, असं मी त्यांना विचारलं. ती तरी कुठून येणार, याच पाळीवरून. आणि घरी गाडी उभी असताना तिची वाट बघत बसायचं याला काही अर्थ नव्हता. सकाळी जाऊ, असं ते म्हणाले. इंजिनाचं काय झालं, हे त्यांनी तिन्ही दिवसांत विचारलं नाही.

शुक्रवारी सहाला निघालो. त्यांच्या पायांत चप्पल जाईना, म्हणून ते अनवाणीच बसले. पाळीच्या तोंडाशी कोणी नव्हतं. मी थांबले नाही. तुडूम मागे पडलं, वळण घेतलं, आणि समोर वीस हातांवर ट्रॅक्टर उभा. ट्रॉलीवर पोती इतकी रचलेली की ड्रायव्हर त्यांच्यापुढे लहान दिसत होता. त्याच्या मागे आणखी दोन.

मी ब्रेक दाबला. हॉर्न कोणीच वाजवला नाही, आमच्याकडे पाळीवर वाजवत नाहीत. सगळे नुसते थांबले, मी मागे सरण्याची वाट बघत.

पुढच्या ट्रॅक्टरवरचा माणूस उतरून माझ्या खिडकीशी आला. तो माझाच विद्यार्थी निघाला, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतला, आता केस पिकलेला. त्यानं आत वाकून आजोबांकडे पाहिलं.

"साहेबाची तब्येत बरी नाही दिसून राहिली. उतरा मॅडम, मी घेतो तुमची गाडी मांगं. दोन मिनटाचं काम हाय."

माझा हात दाराच्या कडीवर गेला होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण तुमच्या बाबांच्या गोष्टीत ते नाही. दार मी अर्धं उघडलंही. इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"बंद कर ते दार," आजोबा म्हणाले.

मी त्यांना म्हटलं की वेळ घालवायला नको, तो पटकन घेईल.

ते थांबून थांबून बोलले.

"तीन महिने मले आठ वाजतापासून बाकड्यावर बसवून राहिली तू. स्कूलबस चुकवाले. मले का समजत नाही? मंगळवारी वास नव्हता. म्हटलं का मी काही? नाही म्हटलं. म्हटलं, होईल हिचं हळूहळू." त्यांनी श्वास घेतला. "आज हा घेईल मांगं. येत्या मंगळवारी कोन घेईल?"

मी दार ओढून घेतलं. त्यांच्याकडे पाहायची हिंमत नव्हती. माझ्या विद्यार्थ्यानं दुसरीकडे मान वळवली होती. तो म्हणाला, मग मी मागे उभा राहून सांगतो, तुम्ही येऊ द्या. मी त्याला म्हटलं, "तू उभा राहा, पण बोलू नको. बोललास की माझा गोंधळ होतो."

"दहावीत बी हेच सांगत होत्या," तो म्हणाला आणि मागे चालत गेला.

उजवीकडची, बांध्यांकडची कड मला खिडकीतून डोकं काढलं की दिसत होती. पाण्याकडची दिसत नव्हती, ती आजोबांच्या बाजूला होती. त्यांनी त्यांची काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकून खाली बघत बसले. मी रिव्हर्स टाकला. गाडी हलली.

"आहे," ते म्हणाले. म्हणजे जागा आहे.

मी आणखी हात-दोन हात घेतली.

"आहे."

असं आम्ही वळणाकडे सरकू लागलो. मागे पाहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. मागे पाहिलं की पाणी दिसतं. मी फक्त माझ्या बाजूची गवताची कड पाहत होते आणि त्यांचं ऐकत होते. वळणावर स्टिअरिंग कोणत्या बाजूला फिरवायचं याचा विचार केला आणि नेमका उलटा केला. मागचं उजवं चाक कडेवर गेलं. तिथं खेकड्यांनी पाळ पोखरलेली असते. माती खचली आणि गाडी बांधीच्या बाजूला कलली. आजोबा माझ्या खांद्यावर आले. खाली, दोन पुरुष खोल, कापलेल्या धानाचे खुंट दिसत होते.

माझा विद्यार्थी दोन्ही हात वर करून उभा होता आणि मी बोलू नको म्हटलं म्हणून खरोखरच बोलत नव्हता. माझ्या पायानं ब्रेक इतका दाबला होता की पोटरीत गोळा आला. आता उतरावं, आता तरी कोणी काही म्हणणार नाही, हे मनात आलं. शेजारी त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता, शिट्टीसारखा. मी पहिला गिअर टाकला. गाडी पुढे घेतली, दोन हात. चाक वर आलं. तशीच थांबले. स्टिअरिंग आता कुठं फिरवायचं ते हातानं हवेत फिरवून पाहिलं, फळ्यावर लिहिण्याआधी वाक्य मनात म्हणून बघतात तसं. मग पुन्हा रिव्हर्स टाकला.

"आहे," आजोबा म्हणाले. "आहे. आहे."

वळण सुटलं. सरळ रस्ता लागला, एकशे साठ पावलं अजून जवळजवळ सगळी बाकी होती. तेवढ्यात त्यांचा आवाज बंद झाला. मी आणखी हातभर गेले, आवाज नाही. आणखी हातभर. मी गाडी थांबवली. त्यांच्याकडे वळून बघायला मला किती वेळ लागला ते माहीत नाही, पण तेवढी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यात पाण्याचा काही संबंध नव्हता.

ते तसेच बसले होते, कोपर बाहेर टेकून. त्यांनी मान वळवली.

"काहून थांबली?"

"तुम्ही बोलत नव्हता."

"सरळ जाऊन राहिली तू. कायले बोलू? दम पुरवाचा हाय."

मी पुढे, म्हणजे मागे, तुडमापर्यंत त्यांच्या शब्दाविना गेले. रुंद जागेत गाडी घेतली, हँडब्रेक ओढला आणि मग हात स्टिअरिंगवरून काढता येईनात. माझा विद्यार्थी आपल्या ट्रॅक्टरकडे परत गेला, आणि तिन्ही ट्रॅक्टर एकामागून एक शेजारून गेले. पोत्यांतून सांडलेले धानाचे दाणे गाडीच्या टपावर वाजले. माझा विद्यार्थी समोर बघत निघून गेला. भरलेल्या गाडीला पाळ मिळाली, एवढंच झालं होतं. त्यात त्याला विशेष काही दिसलं नसावं.

पुढचा रस्ता मी शांतपणे चालवला असं नाही. डांबरी सडकेवर पोचल्यावर मी रडू लागले आणि आजोबा म्हणाले की रडायचं तर बाजूला लाव. मी लावली नाही. त्यांना सांगितलं की मंगळवारचं मी जन्मभर विसरणार नाही. ते म्हणाले, गाडी चालव.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं, अकरापर्यंत थांबवलं नाही. बाहेर डॉक्टरबाईंनी मला विचारलं की मंगळवारी का आणलं नाही, आणखी एक दिवस गेला असता तर काय झालं असतं याची कल्पना आहे का. गाडी बिघडली होती, हे वाक्य तोंडाशी तयार होतं. मी म्हटलं, गाडी चांगली होती, मी घाबरले. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी आम्ही घरातून पावणेदहाला निघालो. पाळीवर शाळेची बस समोर आली. बस काही धानानं भरलेली नव्हती; दोन्ही रिकाम्या असल्या तर तुडूम ज्याला जवळ त्यानं सरायचं, आणि जवळ मी होते. मागे सरताना बाभळीला घासून आरसा तुटला. बसमधली मुलं खिडक्यांना तोंडं लावून बघत होती आणि हसत होती. आजोबा सगळा वेळ "आहे, आहे" म्हणत राहिले, अगदी आरसा तुटला तेव्हासुद्धा, कारण त्यांच्या बाजूला खरोखरच जागा होती. पावणेअकराला आम्ही भंडाऱ्यात होतो. ते बाकावर पंधरा मिनिटं बसले.

तुम्हाला वाटेल की मग भीती गेली. गेली नाही. पुढच्या सुगीपर्यंत मी किती वेळा मागे सरले ते मोजलेलं नाही. मोजायची सवय मी तेवढ्यापुरती सोडून दिली होती. काही वेळा नीट जमलं, काही वेळा नाही. एकदा एका तणसाच्या गाडीवाल्यानं माझ्यासमोर कपाळावर हात मारून घेतला. पण मी निघायची वेळ पुन्हा भीतीपायी बदलली नाही.

आजोबा त्यानंतर एक वर्ष आणि सात महिने होते. त्यांचा मंगळवार किंवा शुक्रवार पुन्हा एकदाही चुकला नाही. ते गेल्यावर तुमच्या बाबांनी गाडी विकायचं सुचवलं. त्याच महिन्यात मी करडीला माझ्या माहेरी गेले, एकटी. लग्नानंतर चव्वेचाळीस वर्षं मला माहेरी कोणीतरी आणलं होतं किंवा न्यायला आलं होतं. माझी वहिनी दारात येऊन माझ्या मागे पाहत राहिली, सोबत कोण आलं ते बघायला.

मोठे, पोहण्याचं काय करायचं ते तुझं तू ठरव. तुझं पोट दुखत नव्हतं, हे तुझ्या आईला सांगितलंस तर बरं, एवढंच मी सांगेन.

आमच्या इथं आज काय उरलं आहे ते लिहून थांबते. घर आहे आणि मी त्यात राहते. लायसन्स आहे, गाडी आहे. पाळ अजून तेवढीच अरुंद आहे. वळणावर समोर गाडी दिसली की माझी पोटरी अजून आखडते, आणि मी रिव्हर्स टाकते.